९८ टक्के आले कुठून?

प्रश्न विचारणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे आणि निरोगी माणसांचे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचे आलेख, इंटरनेटवरून उतरवून घेतले, त्यांवर न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं संगणकाचं मॉडेल, शिकवलं आणि अचूकता आली ९८.६ टक्के. गाईड म्हणतात, याचं ॲप करू. खरा प्रश्न मात्र शेवटच्या चार ओळींत आहे. त्याचा मामेभाऊ २० वर्षांचा. सात-आठ महिने कॉलेजला जाणं बंद, खोलीतून बाहेर येत नाही, एकटाच पुटपुटतो. डॉक्टरांनी तासभर बोलून 'बहुधा स्किझोफ्रेनिया' म्हटलं आणि गोळ्या सुरू केल्या. मामी विचारतेय, रक्त तपासलं नाही, स्कॅन नाही, नुसत्या गप्पा मारून एवढं मोठं नाव कसं ठेवलं? म्हणून हा विचारतो: त्याचा ईईजी माझ्या मॉडेलवर चालवून खात्री करून घेता येईल का?

नाही. तसं करू नका. पण 'नाही' म्हणून मोकळं होण्याइतका तुमचा प्रश्न हलका नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. सुरुवातीची सहा वर्षं मी ईईजी तंत्रज्ञ होते, म्हणजे डोक्याला तारा लावणारी बाई. नंतर सिग्नल प्रोसेसिंग शिकले आणि गेली बारा वर्षं मानसोपचार विभागाबरोबर याच विषयावर काम करते. त्यामुळे मला आकड्यांआधी तारा दिसतात.

तुम्ही वापरलेला डेटा मला ओळखीचा आहे. वॉर्सामधल्या मानसोपचार आणि मज्जाविज्ञान संस्थेतला. २०१७ साली त्यावरचा शोधनिबंध आला आणि डेटा सगळ्यांना खुला झाला. पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे १४ रुग्ण, १४ निरोगी. डोळे मिटून शांत बसलेल्या अवस्थेतलं साधारण १५ मिनिटांचं रेकॉर्डिंग, १९ इलेक्ट्रोड, सेकंदाला २५० नोंदी. तुम्ही प्रत्येकाचे पाच-पाच सेकंदांचे तुकडे केले. १५ मिनिटांत १८० तुकडे, २८ माणसं, म्हणजे पाच हजारांच्या घरात तुकडे. ते पिसले, ८० टक्के शिकवायला घेतले आणि २० टक्के परीक्षेला ठेवले.

इथेच पेपर फुटला.

माणसाचा ईईजी त्याच्या आवाजासारखा असतो. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला अल्फा लहरी येतात, ८ ते १३ हर्ट्झच्या. कुणाच्या ९ वर येतात, कुणाच्या साडेदहावर, आणि ज्याच्या त्याच्या जागी त्या वर्षानुवर्षं टिकतात. कवटीची जाडी, इलेक्ट्रोड किंचित कुठे सरकला, जबडा आवळून बसायची सवय, हे सगळं त्या रेघांत उतरतं. तुमच्या मॉडेलने परीक्षेतला तुकडा पाहिला तेव्हा त्याच माणसाचे दीडशेच्या आसपास तुकडे त्याने आधीच पाहिले होते. त्याला स्किझोफ्रेनिया ओळखावा लागलाच नाही. 'हा सात नंबरचा माणूस, आणि सात नंबर आजारी' एवढं पाठ असलं की पुरलं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. मी दरवर्षी विद्यार्थ्यांना हे करायला लावते. २८ जणांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका, डोळे मिटून १४ उचला आणि त्यांना 'आजारी' म्हणा. खरे रुग्ण कोण हे विसरून जा. मग तोच कोड, तसेच तुकडे पिसून, पुन्हा चालवा. आकडा जवळपास तिथेच राहील. चिठ्ठ्यांनी ठरवलेला आजार मॉडेल नव्वदीच्या वर ओळखत असेल, तर आधीच्या ९८.६ चं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. गेल्या वर्षी एका मुलीने हे करून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, मग आमचा पेपर?" पेपर कॉन्फरन्सला गेलेला होता. असे कितीतरी जातात.

योग्य रीत अशी की अख्खा माणूस बाजूला ठेवायचा. २७ जणांवर शिकवायचं, अठ्ठाविसाव्यावर परीक्षा, आणि हे २८ वेळा. निकाल तुकड्यांचा द्यायचा नाही, माणसांचा द्यायचा. समजा २८ पैकी २२ बरोबर आले. म्हणायला ७८ टक्क्यांच्या वर. पण २८ माणसांवरून काढलेल्या या आकड्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, साधारण ६० ते ९० इतकी ऐसपैस असते. पाच हजार तुकडे केले म्हणून माणसं पाच हजार होत नाहीत. एकाच भाकरीचे कितीही तुकडे केले तरी भाकरी एकच.

आता समजा तुम्ही हे सगळं नीट केलं आणि तरी चांगला आकडा आला. माझा पुढचा संशय तारांवर असतो.

ईईजी काढताना काय होतं ते पाहिलंय का? नसेल तर एकदा ईईजीच्या खोलीत बसा. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपने मोजतात, १० आणि २० टक्के अंतरांवर लाल पेन्सिलीने खुणा करतात, प्रत्येक खुणेवरची त्वचा घासतात आणि पेस्ट भरून वाटीसारखा छोटासा इलेक्ट्रोड बसवतात. त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा रोध ५ किलोओहमच्या खाली आला की पुढचा. डोक्याला तेल असेल तर तो येतच नाही. आपल्याकडे 'तेल लावून येऊ नका' असं कागदावर लिहून दिलं तरी दहातले चार जण चापूनचोपून तेल लावून येतात, कारण दवाखान्यात जायचं तर नीटनेटकं जावं. आणि आपण मोजतो काय, तर मायक्रोव्होल्टचे पाच-पन्नास. भिंतीतली वीज ५० हर्ट्झने त्यात घुसायला टपलेलीच असते.

आमच्याकडे सुरुवातीला झालेली फजिती सांगते. रुग्णांचे ईईजी दवाखान्यात काढले होते, निरोगी गटात कॉलेजचेच विद्यार्थी होते, त्यांचे ईईजी कॉलेजच्या प्रयोगशाळेत. यंत्र एकच, तेच उचलून नेलं होतं. माणसं नीट वेगळी ठेवली, पेपरफुटी नाही, आणि ९२ टक्के आले. दोन दिवस आम्ही हवेत होतो. तिसऱ्या दिवशी मला खटकलं, म्हणून ५० हर्ट्झच्या आसपासचा चिंचोळा पट्टा तेवढा ठेवून बाकी सगळा सिग्नल काढून टाकला. तरीही ८९! म्हणजे मॉडेल मेंदू बघतच नव्हतं. दवाखान्याच्या खोलीचं अर्थिंग खराब होतं, ते त्याने शोधून काढलं होतं. इलेक्ट्रिशियनचं काम म्हणून उत्तम.

अर्थिंग दुरुस्त होतं. गोळ्यांचं काय करणार? दाखल झालेल्या रुग्णाला सुरुवातीला झोपेसाठी, अस्वस्थपणासाठी लोराझेपाम किंवा क्लोनाझेपाम बऱ्याचदा देतात. या गटातल्या गोळ्यांनी बीटा नावाच्या जलद लहरी वाढतात. स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिन या औषधाने लहरी मंदावतात. निरोगी गटातलं कुणीच यातलं काही घेत नसतं. मग मॉडेल म्हणतं, बीटा जास्त म्हणून आजारी. त्याने ओळखलं काय, तर गोळी. ती तर केसपेपरवर लिहिलेलीच असते, त्यासाठी १९ तारा कशाला? वॉर्साच्या डेटात रुग्णांची औषधं किमान सात दिवस बंद ठेवली होती. ही काळजी चांगलीच, पण महिन्याला एकदा घ्यायच्या इंजेक्शनाचा किंवा कित्येक वर्षांच्या उपचारांचा ठसा सात दिवसांत पुसला जातो असं मी म्हणणार नाही. शिवाय सिगारेट, झोपेची मोडलेली घडी, महिनोन्‌महिने घरात बसून राहणं, ही यादी संपत नाही.

म्हणूनच २०१९ चा निम्हान्सचा अभ्यास मला मोलाचा वाटतो. बंगळूरच्या या मानसिक आरोग्य संस्थेतले, मनोविकारावरचं औषध कधीच न घेतलेले ८१ रुग्ण आणि ९३ निरोगी व्यक्ती, सगळ्यांचा शांत अवस्थेतला एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम टिपणारा स्कॅन, आणि त्यावर कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या व आयबीएमच्या लोकांबरोबर बांधलेलं मॉडेल. अचूकता ८७ टक्के. ईईजी नव्हे, स्कॅन, हे लक्षात घ्या. पण गोळ्यांचा संशय एका फटक्यात बाद. औषध न घेतलेले एवढे रुग्ण एका छताखाली मिळणं फार अवघड असतं. तुमच्या ९८ पेक्षा मी त्या ८७ ला जास्त मान देते.

मग मेंदूच्या लहरींत या आजाराची काहीच खूण नाही का? आहे, आणि माझा जीव याच विषयात अडकलाय. कानाला हेडफोन लावून टिक, टिक, टिक, टिक असा एकच आवाज ऐकवत राहायचा आणि मध्येच एखादा टुक टाकायचा. माणूस लक्ष देत नसला, मूकपट बघत बसला असला, तरी त्या टुकनंतर सेकंदाच्या साधारण पाचव्या-सहाव्या भागात मेंदू दचकतो. रेघेत खड्डा पडतो, मिसमॅच निगेटिव्हिटी म्हणतात त्याला. स्किझोफ्रेनियात हा खड्डा सरासरीने उथळ असतो. १९९० च्या दशकापासून जगभर पुन्हापुन्हा हे दिसलंय. वेगळ्या आवाजाकडे लक्ष दिल्यावर उठणारी पी-३०० नावाची लहर लहान होते, हे त्याच्याही आधीपासून, १९७० च्या दशकापासून माहीत आहे. सेकंदाला ४० टिकटिका ऐकवल्या तर रुग्णांचा मेंदू त्या ठेक्यात नीट येत नाही. पण 'सरासरीने' या शब्दाने घात होतो. दोन गटांचे आलेख एकमेकांवर ठेवले की मधला मोठा भाग सामाईक निघतो. माझा स्वतःचा खड्डा रुग्णांच्या सरासरीपेक्षा उथळ आहे, मी मोजलाय. आणि पी-३०० इतर कितीतरी आजारांतही लहान होतेच.

गंमत म्हणजे माणसाचा पहिला ईईजी काढणारा हान्स बर्गर स्वतः मानसोपचारतज्ज्ञच होता. जर्मनीतल्या येना शहरात १९२४ साली त्याने तो काढला, १९२९ साली छापला. शंभर वर्षं होऊन गेली. लहरींवरून मनाचा आजार वाचायची आस पहिल्या दिवसापासूनची आहे.

आता मामींच्या प्रश्नाकडे येते, कारण तुमच्या मॉडेलची खरी अडचण तिथे कळते. तुमचं मॉडेल सांगतं: हा रुग्ण की निरोगी? पण 'हा निरोगी आहे का' असा प्रश्न ओपीडीत कुणाला पडलेलाच नसतो. वीस वर्षांचा मुलगा आठ महिने खोलीत पुटपुटतोय, तो ठीक नाही हे मामींनाही दिसतं. डॉक्टरांपुढचा प्रश्न वेगळा असतो. हा गांजाचा परिणाम आहे का? बायपोलर आजारातला उन्माद आहे का? आवाज ऐकू येण्यासकटचं खोल नैराश्य? टेम्पोरल लोबची, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातली फिट? थायरॉइड? या सगळ्यांतून निवड करायची असते, आणि तुमच्या डेटात यातलं एकही उदाहरण नाही. बायपोलरचा ईईजी दाखवला तर तुमचं मॉडेल काहीतरी एक उत्तर ठोकून देईल. 'माहीत नाही' म्हणायला तुम्ही त्याला शिकवलेलंच नाही.

ईईजीचा खरा उपयोग होतो तो असा. काही वर्षांपूर्वी एका विशीतल्या मुलीला आणलं होतं. दहा-बारा दिवसांत बदललेली, असंबद्ध बडबड, मध्येच ताठ होऊन बघत राहायची. घरच्यांनी आधी बाहेरचं काही म्हणून अंगारेधुपारे केले होते, मग 'वेड लागलं' म्हणून आमच्याकडे. मी तारा लावल्या आणि पहिल्या पाच मिनिटांत कळलं की काहीतरी बिनसलंय. जागी असूनही सगळीकडे मंद, मोठाल्या डेल्टा लहरी. कोणतंही मॉडेल लागलं नाही, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. डॉक्टर मॅडमनी न्यूरॉलॉजीला बोलावलं, पाठीतलं पाणी तपासलं, आणि निघाला ऑटोइम्यून एन्सेफलायटिस, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने आणलेली मेंदूची सूज. मेंदूतल्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्ध शरीरानेच तयार केलेल्या अँटिबॉडी. हा आजार २००७ साली पहिल्यांदा नीट ओळखला गेला. तिचे उपचारच वेगळे होते. म्हणजे ईईजीने 'स्किझोफ्रेनिया आहे' असं कधी सांगितलं नाही, पण 'थांबा, हे दुसरंच आहे' असं मात्र मी अनेकदा पाहिलंय.

मामेभावाला ईईजी किंवा स्कॅन सांगायचा की नाही हे परिस्थितीवर अवलंबून आहे. अचानक सुरू झालं, ताप, फिट, मध्येच भान हरपणं, वेडेवाकडे झटके, वयाच्या मानाने विचित्र सुरुवात, असं काही असेल तर डॉक्टर सांगतातच. हळूहळू आठ-दहा महिन्यांत मिटत गेलेला मुलगा असेल तर त्यांना कदाचित गरज वाटली नसेल. हे त्यांना सरळ विचारा, चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि ज्याला मामी 'नुसत्या गप्पा' म्हणतात त्याच गप्पांत तपासणी असते. आवाज कधी येतात, एक की दोन, ते तुझ्याशी बोलतात की तुझ्याबद्दल आपापसांत, विचार कुणी काढून घेतंय असं वाटतं का, झोप, नशा, घराण्यात कुणाला काही, आणि हे किती दिवस चाललंय. मुदतीलाही महत्त्व आहे. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीप्रमाणे लक्षणं किमान महिनाभर हवीत, डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत सगळं धरून सहा महिने. 'बहुधा' हा शब्द डॉक्टरांनी वापरला असेल तर तो मला प्रामाणिक वाटतो. पहिल्या झटक्यात केलेलं निदान पुढे बदलू शकतं.

इथे तुम्ही म्हणाल, डॉक्टरही चुकतात, मग यंत्र का नको? चुकतात. डीएसएम-५ च्या प्रत्यक्ष चाचण्यांत दोन डॉक्टरांनी एकाच माणसाला वेगवेगळं तपासलं, तेव्हा स्किझोफ्रेनियाबाबतची सहमती, योगायोगाचा भाग वजा करून, ०.४६ आली. पूर्ण सहमती म्हणजे १. पण गंमत बघा, तुमच्या मॉडेलला शिकवायला जी 'आजारी-निरोगी' लेबलं वापरली, ती याच डॉक्टरांनी लावलेली आहेत. मास्तरांनीच जी उत्तरं अर्धवट खात्रीने लिहिली, त्यांत विद्यार्थी ९८ टक्के कसा बरोबर येईल?

ॲपबद्दल एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने साधारण ३०० ते ३५० माणसांत एकाला स्किझोफ्रेनिया असतो. ३,००० मुलांच्या कॉलेजात १० धरा. तुमचं ॲप दोन्ही बाजूंनी ९० टक्के बरोबर आहे असं मोठ्या मनाने मानू. १० पैकी ९ पकडले. उरलेल्या २,९९० निरोगी मुलांपैकी २९९ जणांनाही त्याने 'आजारी' म्हटलं. म्हणजे ३०८ मुलांच्या हातात तो शिक्का, खरे ९. आणि मेंदूच्या यंत्राने सांगितलं की लोक मान डोलावतात. २००८ साली पुण्यातल्या एका खून खटल्यात आरोपीच्या डोक्याला तारा लावून काढलेली 'मेंदूची सही' न्यायालयाने पुराव्यात धरली होती. दोन वर्षांनी, मे २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमतीशिवाय अशा चाचण्या करता येणार नाहीत. निदानाबाबत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं तिसरं कलम वाचून घ्या: मनोविकार ठरवायचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवर. तुमचं ॲप त्यात बसत नाही. गाईडना हे कलम दाखवा, बोलणं सोपं जाईल.

प्रोजेक्ट मात्र टाकून देऊ नका, प्रश्न बदला. माणसागणिक विभागणी करून खरा आकडा काढा. चिठ्ठ्यांचा प्रयोग अहवालात घाला. मग मॉस्को विद्यापीठाचा खुला डेटा घ्या: ८४ किशोरवयीन मुलं, ४५ लक्षणं असलेली, ३९ निरोगी, १६ इलेक्ट्रोड, सेकंदाला १२८ नोंदी. वॉर्साचा डेटा त्या मापात आणा, सामाईक इलेक्ट्रोड तेवढे ठेवा, वॉर्सावर शिकवा, मॉस्कोवर परीक्षा घ्या. आकडा कोसळेल. तो का कोसळला, वयामुळे, यंत्रामुळे की मुळात काही शिकलंच नव्हतं म्हणून, हे शोधण्यात तुमचं सबंध वर्ष सत्कारणी लागेल. मोठ्यांचंही हेच होतं. २०२४ च्या जानेवारीत 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या औषधांच्या पाच चाचण्यांचा डेटा घेतला होता. कोणाला औषध लागू पडेल हे मॉडेल ज्या चाचणीवर शिकलं तिथे छान सांगत होतं, दुसऱ्या चाचणीतल्या रुग्णांपुढे नाणेफेकीइतकं. त्यात ईईजी नव्हता, पण दुखणं तेच. तरी मला विचाराल तर पुढची पाच-दहा वर्षं याच दिशेने घालवावीत: आजार आहे की नाही यापेक्षा कोणती गोळी कोणाला लागू पडेल. ओपीडीत तो प्रश्न रोज पडतो.

मामींना भेटाल तेव्हा लॅपटॉप घरी ठेवा. भावाच्या डोक्याला ऑनलाइन मागवलेला पट्टा लावून टक्केवारी काढू नका. ज्याला आधीच वाटतंय की कुणीतरी आपले विचार वाचतंय, त्याच्या डोक्याला तारा लावून आपण काय करतोय याचा विचार करा. गोळ्या कुणी परस्पर बंद करू नयेत. दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत घ्यायला काहीच हरकत नाही. जाताना कधीपासून काय बदललं हे तारीखवार एका कागदावर लिहून न्या, त्याचा ईईजीपेक्षा जास्त उपयोग होतो. रात्री-अपरात्री काही झालं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आणि डॉक्टरांनी ईईजी सांगितलाच, तर आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा. झोपेबद्दल आणि सकाळच्या गोळ्यांबद्दल ते सांगतील तसंच करा. आणि मामींना आवर्जून सांगा, निघताना डोक्याला तेल लावू नका म्हणावं.